नेमानीचा हलका हात

एकतीस लढती खेळून नेमानीनं एकाही माणसाला आडवा केला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मधेच कुणीतरी विचारणारच. त्याच्या ठोशानं कुणाचे दात पडले नाहीत, कुणाला फळीवर घालून न्यावं लागलं नाही. एकतीसातल्या सव्वीस लढती त्यानं गुणांवर जिंकल्या, आणि दर वेळी रिंगमधून खाली उतरताना कुणीतरी बोंबलायचंच, "मारलास कधी रं?" नेमानी दातानं हातावरच्या पट्टीची गाठ सोडत म्हणायचा, "मोजायला शिक आधी."

नेमानी माझा आतेभाऊ. आमच्यात आतेभाऊ म्हणजे मेहुणाच, एकमेकांना चार शिव्या घातल्याशिवाय अन्न पचत नाही. मी त्याच्या कोपऱ्यात बादली आणि स्पंज घेऊन बसायचो. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात त्याच्या तोंडावर पाणी मारायचं, पाठ पुसायची आणि त्याला बॉक्सिंग शिकवणारा बिसेसर मास्तर काय सांगतोय ते ऐकायचं. म्हणजे ही सगळी गोष्ट मी दोन हातांवरून पाहिलेली आहे. आणि तिच्यात जी घाण झाली ती माझ्या घरातून झाली, तेही सांगणार आहे.

आमचं गाव वुनितोंगो. रेवा नदी समुद्राला मिळता मिळता जिथं शंभर फाटे फुटून चिखलात शिरते, तिथलं. चारी बाजूंनी तिवरं. सुकती लागली की बायका टोपल्या घेऊन तिवरांत उतरतात आणि कुर्ल्या धरतात. हे काम बायकांचं. पुरुष होडी घेऊन जाळी टाकायला जातात, नाहीतर सावलीत बसून मुळं कुटून केलेली यांगोना पितात आणि जाळी टाकायच्या गोष्टी करतात. नेमानीचा बाप तो लहान असतानाच सोन्याच्या खाणीत कामाला गेला आणि तिथंच दुसरं बिऱ्हाड करून राहिला. मग मेरेवाई आत्या पोराला कुणाकडे ठेवणार? ती त्याला बरोबर घेऊन चिखलात उतरायची. बाकीची पोरं भाले घेऊन मासे मारायला जायची आणि हा बायकांच्या रांगेत, मांडीपर्यंत चिखल, खांद्याला टोपली.

कुर्ली धरणं म्हणजे काय ते न केलेल्याला कळायचं नाही. पायाच्या बोटांनी बीळ चाचपायचं. मग आडवं पडून खांद्यापर्यंत हात आत घालायचा. आत काळोख, पाणी, आणि माणसाचं बोट करवतीसारखं कापील अशी नांगी. हात थेट घातलात तर गेला. तर हात घालायचा, टोकानं तिला डिवचायचं आणि काढून घ्यायचा. तिची नांगी रिकामी मिटते. पुन्हा डिवचायचं, पुन्हा काढून घ्यायचा. अशी दहा-बारा वेळा हवा चावून चावून ती कंटाळली, की मागून पाठीवर तळवा ठेवायचा आणि बाहेर ओढायची. आत्याच्या दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. गावात असं सांगणाऱ्या बायका तीनच.

पोरं नेमानीला चिडवायची, एकदा त्यानं रागानं एक कुर्ली बिळातच काठीनं ठेचली आणि वर आणली. आत्यानं ती त्याच्याच अंगावर भिरकावली. "ही कोण घेणार बाजारात? तुझा बाप? जित्ती आणायची, नांगी न मोडता आणायची. ठेचायला काय, ते तर बैलाला पण जमतंय."

मोठा झाल्यावर तो आठवड्यातून दोनदा कुर्ल्यांच्या माळा घेऊन नाउसोरीच्या बाजारात जाऊ लागला. तिथं पुलाजवळ बिसेसरचं सायकल दुरुस्तीचं दुकान. हा बिसेसर तरुणपणी बॉक्सिंग खेळलेला, आता दुकानामागच्या छपरीत वाळूचं पोतं टांगून चार पोरांना शिकवायचा. एके दिवशी बाजारात एका दारुड्यानं नेमानीशी कळ काढली. बिसेसर दुकानातून बघत होता. तो सांगायचा, दारुड्यानं वीसेक ठोसे मारले असतील, एकही लागला नाही, आणि या पोरानं खांद्यावरची कुर्ल्यांची माळसुद्धा खाली ठेवली नव्हती. शेवटी दारुडा दमून फुटपाथवर बसला आणि रडायला लागला. बिसेसर हातातला टायर टाकून रस्ता ओलांडून आला.

सहा महिन्यांत बिसेसरला कळलं की पोराचं डोकं, पाय, डोळा, सगळं देवानं सवडीनं केलंय, पण ठोशात जोर भरायला तो विसरला. मग जोर आणायचे उपाय सुरू झाले. त्याला लाकडं फोडायला लावली. ट्रकच्या टायरवर घण मारायला लावला. कुणी सांगितलं बैलाचं कच्चं काळीज खा, तेही खाल्लं आणि दोन दिवस तिवरांतच बसून राहिला. मनगटं होती तशीच, आत्यासारखी, बारीक. शेवटी बिसेसरनं घण टायरात ठेवून दिला. "हे बग नेमानी. कुणाचा ठोसा म्हणजे घरावर पडलेलं झाड. तुझा ठोसा म्हणजे पोस्टकार्ड. एका पोस्टकार्डानं कुणी मरत न्हाय. पण रोज धा आली, तर माणूस दाराला कडी लावून बसतोय."

तेव्हापासून नेमानी पोस्टकार्डं पाठवू लागला. त्याचा डावा हात समोरच्याच्या नाकावर असा टेकून परत यायचा की पाहणाऱ्याला वाटावं माशी बसली. पण दहा फेऱ्यांत ती माशी दीड-दोनशे वेळा बसायची. आणि समोरच्यानं जिवाच्या आकांतानं मारलेला ठोसा जिथं पोचायचा तिथं नेमानीचं डोकं एका क्षणापूर्वी असायचं. मोठमोठे गडी आठव्या फेरीला दोरीला टेकून धापा टाकायचे. एकजण तर मला म्हणाला, तुझा मेहुणा मला मारत नव्हता रं, मला आतून सोलत होता.

पण लोकांना हे नको होतं. लोक शनिवारी मैदानात येतात ते कुणीतरी उताणा पडलेला बघायला. नेमानीची लढत लागली की निम्मे लोक उठून भजी खायला जायचे. गुण देणारे तिघं तरी कोण? त्याच लोकांतले. नेमानीचे चाळीस टोले त्यांना दिसायचे नाहीत आणि समोरच्याचा एक वेडावाकडा ठोसा खांद्यावर धप्पकन वाजला की पेन्सिली हलायच्या. देशाच्या पट्ट्यासाठी तो दोनदा लढला आणि दोनदा अर्ध्या गुणानं हरला. दुसऱ्या खेपेला तर जिंकलेल्या गड्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते, पट्टा त्याच्या हातात द्यावा लागला कारण तो त्याला दिसत नव्हता.

तेहतिसाव्या वर्षी त्याला तिसरी आणि शेवटची संधी आली. लढती भरवणाऱ्या सुवाच्या माणसानं बिसेसरला साफ सांगितलं, की पट्टा घेतलास तर पुढचं बोलू, नाहीतर या पोराचं नाव मी यापुढं फलकावर लावणार नाही, तिकिटं खपत नाहीत. समोर होता नाम्बुनीचा केलेपी. डोंगरातला लाकूडतोड्या, पट्टा तेव्हा त्याच्याचकडे. एकोणीस लढती, एकोणीस गडी आडवे. त्यातला एक अजून उजव्या कानानं ऐकत नाही.

आणि नाम्बुनी म्हणजे आमचं तौवू.

तौवू म्हणजे ज्या दोन गावांचा मूळ पुरुष एक. ते डोंगरात राहिले, आम्ही चिखलात आलो. त्यामुळं त्यांनी आमच्या घरात शिरून चुलीवरचं भांडं उचलावं, आमच्या म्हाताऱ्यांच्या टकलावर टपली मारावी, आमची लाज काढावी, आणि आम्ही तोंड वाकडं करायचं नाही. आम्हीही त्यांचं तसंच करायचं. तौवूनं तोंड उघडून मागितलं तर नाही म्हणता येत नाही. आणि तौवूवर रागावला तो माणूसच नव्हे.

लढतीच्या आधी दोन महिने आमचे आजोबा वारले. नाम्बुनीची माणसं चटया आणि दालोचे कंद घेऊन मयताला आली, रिवाजाप्रमाणे रडली, आणि रडून झाल्यावर केलेपी उठला. ताडासारखा उंच, मान अशी की डोकं थेट खांद्यावर ठेवलंय. त्यानं एक टोपली आणून नेमानीच्या पुढ्यात ठेवली. वरचं पान काढलं. आत पिकून लिबलिबीत झालेल्या पपया.

"सरावासाठी आणल्यात," तो म्हणाला. "बेतानं मार हां भाऊ. फुटली तर पुढची घे."

प्रेत घरात असताना सगळी नाम्बुनी पोट धरून हसली. नेमानीनं एक पपई उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि आपल्या आईला म्हणाला, "आई, चाकू दे. केलेपीभाऊनं पहिल्यांदाच न ठेचता कायतरी आणलंय." मग तिथंच कापून त्यानं ती खाल्ली आणि एक फोड केलेपीच्या तोंडात कोंबली. जशास तसं झालं, तौवूचा मान राहिला. नेमानीच्या मनात तिथंच ते संपलं.

माझ्या बापाच्या मनात संपलं नाही.

माझा बाप इनोकी म्हणजे नेमानीचा सख्खा मामा. आमच्यात भाच्याचा मामाच्या घरावर हक्क. भाच्यानं येऊन होडी सोडून नेली, डुक्कर सोडून नेलं, मामानं ब्र काढायचा नाही. काही भाचे मामाला धुऊन काढतात. नेमानीनं जन्मात आमच्या घरातून चिलमीला विस्तव मागितला नव्हता. हेच माझ्या बापाला सलत होतं. भाच्यानं मागितलं नाही तर आपण होऊन द्यावं, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. आणि त्या मयताला सगळ्या गावासमोर पपया ठेवल्या गेल्या, त्याचाही राग. तौवूवर राग धरता येत नाही, म्हणून तो राग त्यानं भाच्याच्या मायेत गुंडाळला. माझा बाप हुशार माणूस. अशी घाण हुशार माणूसच करू शकतो.

एका सकाळी त्यानं पेटीतून देवमाशाचा दात काढला. आमच्या घरातला तो एकच, पणज्यापासूनचा, तेल पिऊन पिऊन लालसर झालेला. मोठं मागणं असलं की आमच्यात हा दात पुढं ठेवतात. मला म्हणाला, होडी काढ. मी विचारलं, कुणाची सोयरीक? तो म्हणाला, गप वल्हव.

नाम्बुनीला पोचायला होडीनं आणि पायी मिळून अर्धा दिवस लागतो. केलेपीचा आजा पेनाया तिथला कर्ता माणूस. आम्ही चटईवर मांडी घालून बसलो. बापानं दात दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली आणि बोलला. "आमचा भाचा सतरा वर्षं खेळतोय. त्याच्या हातानं अजून माणूस पडला न्हाय. ही शेवटची खेप. एकदा पडू दे. एवढंच मागायला आलोय."

दात पुढं आला की नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या थोबाडीत मारणं. पेनाया आजानं एवढंच विचारलं, "भाच्याला ठाऊक हाय?"

"न्हाय," बाप म्हणाला.

केलेपी दाराशी बसला होता. पुढच्या महिन्यात तो न्यूझीलंडला लाकडाच्या गिरणीत जाणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे पट्टा तसाही त्याला खुंटीलाच अडकवायचा होता. तरी त्यानं मान वर करून आजाकडे पाहिलं. एकोणीस गडी लोळवलेल्या माणसाला चिखलातल्या माणसाच्या माशीसारख्या टोल्यानं आडवं व्हायला सांगायचं, हे सोपं नव्हे. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. हात पुढं केला आणि दात घेतला. तीन टाळ्या वाजल्या. झालं.

येताना मी बापाला म्हणालो, नेमानीला कळलं तर? बाप म्हणाला, पडलेला माणूस बघून कुणी कारण विचारत न्हाय. मी वल्हवत राहिलो. मला वल्हं नदीत फेकून देता आलं असतं. मी फेकलं नाही. मलाही एकदा तरी माझा मेहुणा कुणाच्या तरी उरावर उभा राहिलेला बघायचा होता. खोटं कशाला बोलू?

शनिवारी दुपारी नाउसोरीचं मैदान भरलं. पत्र्याच्या छपराखाली रिंग. आमच्या बाजूला वुनितोंगोच्या बायका आत्यासकट अगदी पुढं येऊन बसलेल्या, समोर नाम्बुनी. लढत सुरू व्हायच्या आधीच दोन्हीकडून असल्या शिव्या चालल्या होत्या की पाद्रीबाबा जागा बदलून मागं गेले.

पहिल्या पाच फेऱ्या नेमानीनं अशा खेळल्या, की त्या मी आंधळा झालो तरी बघत राहीन. केलेपीचा उजवा हात म्हणजे खरंच झाड. पण पडायचं तिथं घर नसायचं. नेमानी त्याच्या कोपराखालून निघायचा, जाता जाता बरगडीवर दोन टोले, वळून नाकावर एक. डिवचला, काढून घेतला. डिवचला, काढून घेतला. पुढं बसलेल्या बायकांना पहिल्यांदा कळलं. त्यांच्यातली एक ओरडली, "मेरेवाई, तुझा पोरगा बिळात शिरला गं!" आणि बायकांची रांगच्या रांग फेरीगणिक माना हलवायला लागली, जणू हात त्यांचाच आत आहे.

पाचव्या फेरीनंतर नेमानी स्टुलावर बसला. दम लागलेला नाही. मला म्हणाला, "मेहुण्या, भिऊ नगंस. थकत चाललाय तो. नवव्या फेरीला पाठीवर हात ठेवतो बग."

मी स्पंज बादलीत बुडवला. सांगायची ती वेळ होती. मी पाणी पिळलं आणि त्याचं तोंड पुसलं.

सहाव्या फेरीत दोघं रिंगच्या मध्यावर आले. नेमानीनं डावा पाठवला, नेहमीसारखा, हनुवटीला टेकला न टेकला. आणि केलेपी पडला. बुंध्यात तोडलेल्या झाडासारखा, दोन्ही हात पसरून उताणा.

छपराखाली जो आवाज झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. सतरा वर्षांची बोंब एकदम निघाली. माझा बाप बाकावर चढून नाचत होता.

नेमानी हलला नाही. तो आपल्या हाताकडे बघत होता. एखाद्या माणसानं आपली रोजची होडी ओढावी आणि ती उडून जावी, तसा बघत होता. आपल्या ठोशानं काय होतं आणि काय होत नाही, ते जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आता खेळाचा नियम असा, की समोरचा पडला तर उभ्या राहिलेल्यानं दूरच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. तो तिथं गेल्याशिवाय रेफरी दहापर्यंत आकडे मोजायला सुरुवात करू शकत नाही. रेफरीनं कोपऱ्याकडे बोट केलं. नेमानी जागचा हलला नाही. तो केलेपीच्या पायाशी उभा होता. त्यानं तोंडातलं रबर काढून हातमोज्यावर घेतलं आणि खाली वाकला. मी दोरीला चिकटून होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"ऊठ."

केलेपी डोळे मिटून पडलेला. ओठ हलले. "आजानं दात घेतलाय. तुझ्या मामाचा. मला उठता येत न्हाय."

नेमानीनं मान फिरवून माझ्याकडे बघितलं. मी बादलीत बघितलं. त्याला कळायला तेवढं पुरलं.

रेफरी ओरडला, कोपऱ्यात जा. पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा त्यानं नेमानीचा दंड धरला आणि सांगितलं, एक गुण कापलाय, आता गेला नाहीस तर बाद करीन. बाद म्हणजे लढत गेली, पट्टा गेला, फलकावरचं नावही गेलं. आणि दुसरीकडे काय होतं? फक्त पाच पावलं चालायची होती. पाच पावलं चालला असता तर रेफरीनं दहा मोजले असते आणि पट्टा त्याच्या कमरेला. एकाही माणसानं कारण विचारलं नसतं. बिसेसर मास्तर माझ्या शेजारी दोरीवर मुठी आपटत होता, जा म्हणून विनवत होता. त्याला तरी कुठं काय ठाऊक होतं?

नेमानीनं दंड सोडवून घेतला आणि पुन्हा वाकला. "दात मामानं दिला, मी दिला न्हाय. मी तुझा तौवू हाय. तौवू म्हणून मागतोय, ऊठ."

केलेपीनं डोळे उघडले. दाताला नाही म्हणता येत नाही आणि तौवूच्या तोंडच्या शब्दालाही नाही म्हणता येत नाही. बिचारा आडवा पडल्या पडल्या दोन रिवाजांच्या मधे सापडला. पण त्यातला एक रिवाज त्याच्या मनासारखा होता. तो उठून बसला. मग उभा राहिला. आणि उभा राहताना तो हसत होता, हे मी शपथेवर सांगतो.

"मंग आता रडू नगंस," तो म्हणाला.

त्यापुढं जे झालं ती खरी लढत. आधीच्या पाच फेऱ्या केलेपी लाजेनं अर्धा बांधलेला होता, आता तो सुटला. सातव्या फेरीत त्याचा उजवा हात पहिल्यांदा पोचला. अर्धाच, कानावर घासून गेला, पण नेमानी गुडघ्यावर आला. आठच्या आकड्याला उठला. दोरीपलीकडे आत्या उभी होती, हाताची घडी घालून. आठव्या फेरीत नेमानीच्या भुवईवरून रक्त येत होतं आणि त्याचा डावा हात मात्र तसाच चालला होता, टेकायचा, परत यायचा. नवव्यात केलेपीचे हात खाली आले. नेमानीनं म्हटलं होतं तसंच. तो हवा चावून चावून थकला होता. दहावी फेरी संपल्याची घंटा झाली तेव्हा केलेपीच दोरी धरून उभा होता आणि नेमानी रिंगच्या मध्यावर दोन्ही हात खाली सोडून.

तिघांनी गुण दिले. बरोबरी. तो कापलेला एक गुण नसता तर पट्टा नेमानीचा होता. बरोबरी झाली की पट्टा ज्याचा त्याच्याकडेच राहतो. केलेपीच्या कमरेला तो बांधला. या खेपेला भजी खायला कुणी उठलं नव्हतं, एवढं मी पाहिलं.

परतताना मी होडीत तोंड उघडलं तर नेमानीनं वल्ह्यानं पाणी माझ्या तोंडावर उडवलं. बोलली ती त्याची आई. तिला माझ्या तोंडाकडे बघून सगळं कळलं होतं. ती आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि भावाला म्हणाली, "इनोकी, सतरा वर्षं माझ्या पोरानं जित्ती कुर्ली धरली. आणि तू त्याच्या हातात मेलेली द्यायला निघालास?" बाप चटईकडे बघत राहिला.

सोमवारी सकाळी नेमानी आमच्या आवारात आला. भुवईवर पट्टी. जन्मात पहिल्यांदा मामाच्या घरी हक्कानं आला. सरळ डुकरांच्या कूडापाशी गेला, नाताळसाठी बापानं वर्षभर दालो आणि खोबरं चारून पोसलेली डुकरीण सोडली, आणि तिच्या पायाला दोरी बांधून घेऊन निघाला. बाप ओट्यावर बसून बघत होता. भाच्यानं नेलं की ब्र काढायचा नाही. डुकरीणच काय ती वाटभर केकाटत होती.

दुपारी नाम्बुनीची माणसं आली. पेनाया आजा पुढं, केलेपी मागं, डोक्यावर टोपली. बापाला वाटलं दात परत करायला आले. तो चटई झटकून बसला. म्हातारा बसला, यांगोनाची वाटी घेतली, रिकामी केली आणि म्हणाला, "इनोकी, तू मागितलंस ते आम्ही दिलं. माझा नातू पडला. साऱ्या मैदानानं बघितलं. तुझ्या भाच्यानं घेतलं न्हाय त्याला आम्ही काय करणार? दात आमच्याकडंच ऱ्हाईल."

बापानं तोंड उघडलं. समोर तौवू बसलेले. त्यानं ते मिटलं.

जमिनीतली भट्टी उघडली तेव्हा नाताळची डुकरीण केळीच्या पानात शिजून तयार होती. नेमानीनं पहिला वाटा केलेपीपुढं ठेवला. केलेपीनं टोपलीवरचं पान काढलं. पपया. या वेळी हिरव्या, दगडासारख्या कडक.

"पुढल्या खेपेला ह्यांच्यावर कर सराव," केलेपी म्हणाला. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, "तुझ्या त्या टोल्यानं मी पडलो आसं न्यूझीलंडला कळलं आसतं, तर गिरणीत मला झाडू दिला आसता हातात. बरं झालं उठवलंस."

"तुझ्यापायी न्हाय उठवलं," नेमानी म्हणाला. "माझी नववी फेरी शिल्लक होती."

सुवाचा तो माणूस महिन्याभरानं स्वतः चालत आला. लोक त्याला विचारत होते, की तो कोपऱ्यात न जाणारा पुन्हा कधी खेळणार. नेमानी आणखी चार लढती खेळला. चारही गुणांवर जिंकला. पट्टा मात्र त्याला मिळाला नाही, तोवर तो दुसऱ्याच कुणाकडे गेला होता, आणि त्या माणसानं नेमानीशी खेळायला कधी होकार दिला नाही. मोठा मारका गडी. पण दाराला कडी लावून बसला.

आता नेमानी साठीला आला. आत्या गेली. तो अजून सुकतीला तिवरांत उतरतो, बायकांच्या रांगेत. दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. माझ्याशी बोलायला त्यानं एक वर्ष घेतलं, आणि पहिलं वाक्य होतं, "मेहुण्या, स्पंज कुठाय रं माझा?"

परवा बाजारात एक रग्बी खेळणारा टग्या त्याच्या माळेतल्या कुर्ल्या बघत होता. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. त्यानं विचारलं, "आजा, तुम्ही म्हणं बॉक्सर व्हता. किती गडी पाडले?"

नेमानी एका कुर्लीच्या नांग्या झाडाच्या सालीनं बांधत होता. गाठ घट्ट ओढून त्यानं ती माळेला अडकवली. जिवंत, एकही नांगी न मोडलेली.

"एक पडला व्हता," तो म्हणाला. "त्याला उठवला. तुला कुर्ली हवी का न्हाय, ते बोल."